क्षमता नव्हे, वाव

०.७२७.

हा माझ्या जिल्ह्याचा मानव विकास निर्देशांक. राज्य सरकारचा दुसरा मानव विकास अहवाल २०१२ साली आला, त्यातला, २०११ सालासाठीचा. जिल्ह्याचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. त्या यादीत मुंबई सगळ्यात वर, ०.८४१. नंदुरबार सगळ्यात खाली, ०.६०४. राज्याचा आकडा ०.७५२. म्हणजे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत आम्ही पहिले, आणि तरी राज्याच्या आकड्याच्या खालीच.

आकडा आता जुना झाला. पण एमपीएससीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा जिल्हा तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. मधले जिल्हे कुणी पाठ करत नाही. मी अशाच एका मधल्या जिल्ह्यात राहते, छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात. या आकड्यामागे जो विचार आहे तो मला पटतो, अगदी मनापासून पटतो. माझी तक्रार वेगळी आहे. हा विचार मराठीत येताना, आणि मग सरकारी मराठीत उतरताना, त्यातला माणूस कुठेतरी गळून पडला. तो कुठे गळला हे शोधायचं तर आकड्यांपेक्षा शब्दांकडे बघावं लागतं.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल काढला. त्यामागे मुख्य माणूस होता महबूब उल हक. पाकिस्तानचा अर्थतज्ज्ञ, एकेकाळी तिथला अर्थमंत्री. त्याच्यासोबत होते अमर्त्य सेन, केंब्रिजमधल्या विद्यार्थिदशेपासूनचे त्याचे मित्र. तोवर देशाची प्रगती मोजायची म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न मोजायचं, अशी रीत होती. देश श्रीमंत झाला म्हणजे देशातली माणसं बरी जगतायत, हे गृहीतच. हकना हे गृहीतक मोडायचं होतं. त्यांचं म्हणणं असं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका आकड्याला हरवायचं तर समोर दुसरा एकच आकडा हवा, तितकाच ओबडधोबड, पण माणसांकडे बघणारा. सेन सुरुवातीला तयार नव्हते. माणसाचं आयुष्य एका आकड्यात कोंबायचं ही कल्पनाच त्यांना पटेना. शेवटी हकनी त्यांना पटवलं. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा मिळून निर्देशांक तयार झाला.

म्हणजे हा आकडा त्याच्या जन्मदात्यांच्या दृष्टीने एक डावपेच होता. दार उघडण्यापुरती किल्ली. आपण किल्लीच देव्हाऱ्यात ठेवली.

सेन यांचा मूळ विचार मात्र आकड्याच्या आधीचा आहे. १९७९ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी विचारलं होतं, समता म्हणता, पण समता कशाची? पैशाची? सुखाची? त्यांचं उत्तर असं की बघायचं ते हे, की माणसाला प्रत्यक्षात काय करता येतं आणि काय होता येतं. यासाठी त्यांनी जो इंग्रजी शब्द वापरला, त्याला मराठीत सहसा 'क्षमता' म्हणतात. आणि इथेच पहिली माशी शिंकली.

क्षमता हा शब्द मराठी कानाला कसा लागतो बघा. शाळेत क्षमता चाचणी असते. "तिची तेवढी क्षमता नाही" असं मास्तर पालकांना सांगतात. लिफ्टमध्ये लिहिलेलं असतं, क्षमता सहा व्यक्ती. क्षमता ही आतली गोष्ट आहे, माणसाच्या किंवा यंत्राच्या अंगातली. ती कमी असेल तर दोष ज्याचा त्याचा. सेन यांना नेमकं उलटं म्हणायचं होतं. मुलगी हुशार आहे, शिकायची इच्छा आहे, घरचे नाही म्हणत नाहीत, पण हायस्कूल आठ किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी परतायला गाडी नाही. तिच्या अंगात काही कमी नाही. तिच्यासमोरची वाट बंद आहे. याला आपण क्षमतेचा अभाव म्हटलं की भाषेनेच तिच्यावर ठपका ठेवला.

यासाठी आपल्याकडे एक साधा, रोजचा शब्द आहे. वाव. "त्या घरात सुनेला काही वाव नाही" असं आजी म्हणते तेव्हा ती सुनेच्या हुशारीबद्दल बोलत नसते, घराबद्दल बोलत असते. वाव माणसाच्या भोवती असतो. तो दिला जातो, अडवला जातो, भांडून मिळवावा लागतो. मानव विकास म्हणजे माणसाचा वाव वाढणं, असं कुणी मला पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर अर्थशास्त्राचं ते प्रकरण मी पाठ न करता वाचलं असतं.

हा फरक कागदावरचा वाटेल. एसटीच्या स्टँडवर तो डोळ्यांना दिसतो.

फार लोकांना माहीत नसतं, पण राज्याच्या मानव विकास मिशनचं मुख्यालय आमच्याच शहरात आहे. २००६ साली हे मिशन सुरू झालं. सुरुवातीला थोडे तालुके होते, २०११ पासून ते १२५ मागास तालुक्यांत काम करू लागलं. गावाकडून आलेला असाल तर या मिशनचं नाव तुम्हाला आठवणार नाही, पण बस आठवेल. निळी बस. प्रत्येक तालुक्याला सात, गावातल्या मुलींना हायस्कूलपर्यंत नेण्या-आणण्यासाठी.

आता याच्या शेजारी दुसरी योजना ठेवा. अहिल्याबाई होळकरांच्या नावाने शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. चांगली योजना आहे, कितीतरी घरांना तिचा आधार आहे. पण पास हा पैशाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्या गावाला शाळेच्या वेळेवर बसच येत नाही, तिथल्या मुलीच्या दप्तरात पास असला तरी ती जागची हलत नाही. निळी बस दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गाडी येते का, वेळेवर येते का, त्यात आणखी मुली आहेत का, आणि म्हणून घरचे पाठवायला तयार होतात का? पासने साधन दिलं, बसने वाव दिला. सेन यांची सगळी मांडणी या दोन योजनांच्या फरकात बसते, आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा सोपी करून बसते.

मिशनने सायकलीही वाटल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना. गंमत अशी की सेन यांच्या लिखाणातलं एक गाजलेलं उदाहरण सायकलीचंच आहे. सायकल ही वस्तू. तिच्यावरून कुठेतरी जाता येणं ही वेगळी गोष्ट. ज्याला चालवता येत नाही, जिथे रस्ता नाही, जिथे पोरीने सायकलवर बसणं गावाला खपत नाही, तिथे वस्तू आहे पण जाणं नाही. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा हिशेब मांडला तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि जास्त फरक शाळेपासून लांबच्या गावांत होता. जिथे अंतर हीच आडकाठी होती, तिथे सायकलीने वाव वाढवला.

मग मी या मिशनवर खूश आहे का? बसवर आहे. बसबद्दल जे लिहिलं जातं त्यावर नाही.

सरकारी मराठीत या सगळ्याचं काय होतं, ते कुठल्याही जिल्ह्याच्या कुठल्याही योजनेच्या प्रगतीच्या तक्त्यात बघा. सायकलींचे वाटप करण्यात आले. इतक्या लाभार्थ्यांना लाभ देण्यात आला. इतका निधी खर्ची पडला. या वाक्यांना कर्ता नाही. देणारा दिसत नाही, आणि घेणारी फक्त संख्या म्हणून दिसते. व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. मानव विकास म्हणजे माणूस काय करू शकतो याचा विचार, आणि त्याच्या अहवालांत माणसाच्या वाट्याला एकही क्रियापद नाही. ती शाळेत गेली. ती बारावी झाली. तिने नर्सिंगला प्रवेश घेतला. ही वाक्यं कुठेच नाहीत. मोजलेल्या आहेत त्या सायकली.

'लाभार्थी' हा शब्द तर नीट उघडून बघण्यासारखा आहे. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, तसा लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा. नागरिकाला हक्क असतो, लाभार्थ्याची पात्रता तपासली जाते. मराठवाड्यात तर आम्ही विकासाचे शब्द बदलताना पाहत मोठे झालो. आधी शब्द होता 'अनुशेष'. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली राज्याच्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला, तेव्हापासून तो शब्द इथल्या प्रत्येक भाषणात आहे. अनुशेष म्हणजे बाकी. रस्त्यांची, सिंचनाची, शाळांची, दवाखान्यांची. त्यात प्रदेश हा धनको होता, हक्काने मागणारा. मग 'मानव विकास' आला, त्यात प्रदेशाच्या जागी माणूस यायला हवा होता. आला तो लाभार्थी. प्रदेश निदान भांडत तरी होता.

शब्दांनी काय होतं असं वाटत असेल तर आणखी दोन शब्द बघा. खाडा आणि बुडीत मजुरी.

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, ऊसतोड कामगार बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे हिशेबात बाई वेगळी मोजलीसुद्धा जात नाही. कामावर गेलं नाही की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात पोचला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. पाळीच्या दुखण्याने खाडा पडतो, आणि खाडा परवडत नाही.

मानव विकास मिशनमध्ये याच्या अगदी विरुद्ध टोकाची एक योजना आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या गरोदर बाईला नवव्या महिन्यात २,००० आणि बाळंतपणानंतर २,००० रुपये. नाव, बुडीत मजुरी. रक्कम थोडी आहे, पण नाव फार मोलाचं आहे. हे अनुदान नाही, मदत नाही, भेट नाही. तुझी मजुरी बुडाली, ती ही घे, असं ते नाव म्हणतं. म्हणजे आराम करणं हेही बाईला करता आलं पाहिजे आणि त्याची किंमत तिने एकटीने भरायची नाही, हे सरकारने एका शब्दात कबूल केलं. सरकारी योजनांच्या नावांमध्ये इतकं खरं नाव मी दुसरं वाचलेलं नाही.

एकाच दिवसाचे हे दोन शब्द आहेत. बाई कामावर गेली नाही. मुकादमाच्या वहीत तो खाडा, मिशनच्या कागदावर ती बुडीत मजुरी. एका शब्दात तिचा गुन्हा आहे, दुसऱ्यात तिचं देणं आहे. पण योजना तालुक्याच्या आरोग्य केंद्राला बांधलेली आहे आणि बाई सहा महिने फडावर असते. तिचा नववा महिना फडावरच आला तर? आणि निर्देशांकात यातलं काय उमटतं? आयुर्मानाच्या सरासरीत तिशीत गर्भाशय गमावलेली बाई आणि धडधाकट बाई सारख्याच मोजल्या जातात. दोघी जिवंत आहेत.

इथवर वाचून वाटेल की हे सगळं खेड्यापाड्याचं, फडावरचं, शहरातल्यांचं काय. म्हणून गारखेड्याकडे येते.

कागदावर आमच्या भागात काही कमी नाही. विभागीय क्रीडा संकुल इथे आहे. १९८९ साली सुरू झालेलं डॉ. हेडगेवार रुग्णालय इथे आहे. शाळा, क्लासेस, अभ्यासिका पावलापावलावर. आयुर्मान, शिक्षण, उत्पन्न, तिन्ही रकान्यांत आम्ही उत्तम भरू. आणि आमच्या आयुष्याचं कॅलेंडर नळ ठरवतो. जायकवाडीचं धरण १९७६ साली पूर्ण झालं, शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर. तरी शहरातल्या नळांना रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, कधी आठवडा उलटतो. २०२० सालच्या डिसेंबरमध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला.

यातला पाण्याचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. वेळेचा भाग कुणी मोजत नाही. पाण्याच्या दिवशी घरात कुणीतरी थांबावं लागतं. लाइनमन कधी पाणी सोडेल ते नक्की नसतं, म्हणून मोटर, पाइप, ड्रम, टाकी यांच्यामागे अर्धा दिवस जातो. घरात थांबणारं हे 'कुणीतरी' बहुतेक वेळा बाई असते किंवा मुलगी. आमच्या गल्लीत खोल्या घेऊन राहणाऱ्या, गावाकडून परीक्षांसाठी आलेल्या मुली पाण्याच्या पाळ्या लावतात. आज तू क्लास बुडव, पुढच्या वेळी मी.

निर्देशांकात पाणी नाहीच. बहुआयामी गरिबी निर्देशांकात आहे. नीती आयोगाने २०२१ साली तो राष्ट्रीय पातळीवर आणला, बारा निकषांचा, जास्त बारकाईचा. पण त्यातही पाण्याचा प्रश्न असा विचारला जातो, की पिण्याचं बऱ्यापैकी पाणी घरापासून जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या आत मिळतं का? आमच्या घरात नळ आहे. अंतर शून्य. म्हणजे आम्ही वंचित नाही. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे त्या प्रश्नात बसत नाही, आणि त्या मुलीचा बुडालेला क्लास तर कुठल्याच प्रश्नात बसत नाही. तिच्या या दिवसाला मुकादमाकडे शब्द आहे. नीती आयोगाकडे नाही.

यावर कुणी म्हणेल, मग निकष वाढवा. पाण्याचे दिवस मोजा, बायकांचे तास मोजा. जरूर मोजा. पण केवळ रकाने वाढवून हे सुटणार नाही, आणि त्याचा पुरावा याच शहरात आहे.

१९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे कॉलेज सुरू केलं, आज आपण त्याला मिलिंद महाविद्यालय म्हणतो. मराठवाडा नुकताच निजामाच्या राजवटीतून सुटला होता. इथे विद्यापीठ व्हायला अजून आठ वर्षं होती. देशभर नाव असलेल्या माणसाने मुंबईनंतरचं कॉलेज काढायला हे मागास गाव निवडलं, कारण वाव सगळ्यात कमी कुठे आहे हे त्याने पाहिलं. कॉलेजसोबत वसतिगृहं उभी राहिली, कारण खेड्यातल्या दलित पोराला फी माफ केली तरी शहरात खोली कोण देणार, हा प्रश्न पासचा नव्हता, बसचा होता. संयुक्त राष्ट्रांचा पहिला अहवाल यायला अजून चाळीस वर्षं होती.

आणि पुढे काय झालं? साठच्या दशकाच्या अखेरीस याच नागसेनवनातल्या वातावरणातून एक नियतकालिक निघालं, गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखालचं 'अस्मितादर्श'. दलित साहित्याची एक अख्खी पिढी त्यात लिहिती झाली. आता सांगा, हे निर्देशांकाच्या कुठल्या रकान्यात टाकाल? शिक्षणाची सरासरी वर्षं? ती मोजून एवढंच कळेल की इतकी मुलं इतकी वर्षं शिकली. शिकून त्यांनी मराठी साहित्याला अशा प्रश्नांसमोर उभं केलं जे त्याला टाळता आले नाहीत, हे कळणार नाही. तिथे कुणी लाभार्थी नव्हतं. वाव मिळाला की माणूस काय करेल ते आधी सांगता येत नाही. म्हणूनच ते लक्ष्य म्हणून तक्त्यात लिहिता येत नाही, आणि म्हणूनच ते वाचावं लागतं, नुसतं मोजून चालत नाही.

मी आकडा फेकून द्या म्हणत नाही. हकचा डावपेच बरोबर होता. ०.६०४ हा आकडा नसता तर नंदुरबारबद्दल मुंबईत कुणी मान वर करून पाहिलं नसतं. मागास तालुक्यांची यादी झाली म्हणून तर निळ्या बस कुठे पाठवायच्या ते ठरलं. पण यादी झाल्यावर आकड्याचं काम संपतं आणि वाक्याचं सुरू होतं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून एसटीचा संप काही महिने लांबला, तेव्हा गावोगावच्या शाळकरी मुलींच्या जाण्यायेण्याचा प्रश्न उभा राहिला. त्या महिन्यांतही मुलींची नावं शाळेच्या पटावर होतीच. पास होते, सायकलींच्या वाटपाचे आकडे होते. गाडी नव्हती.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या याच परीक्षा देऊन तहसीलदार, गटविकास अधिकारी व्हाल, कुणी पत्रकार व्हाल. मानव विकासावर लिहायची वेळ आली, की लिहिलेल्या प्रत्येक वाक्यात कर्ता कोण आहे ते तपासा. 'सायकलींचे वाटप करण्यात आले' लिहून झालं की खाली आणखी एक ओळ लिहा. त्या सायकलीवरून ती कुठे गेली? ती ओळ लिहिता येत नसेल, तर गावात जाऊन विचारून या. उत्तर तिला ठाऊक असतं.